खंडेनवमीचा प्रोसेसर

निपाणीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. नवशिक्यांना प्रोसेसर कसा काढायचा, कसा पुसायचा आणि परत कसा बसवायचा, हे मी तिथं अठरा वर्षं शिकवतो आहे. त्यातल्या पहिल्या सोळा वर्षांत मी स्वतः एकही प्रोसेसर काढला नव्हता, हे आज पहिल्यांदाच कबूल करतो.

काढायची गरजच पडली नाही. भिंतीवर एक मोठा तक्ता आहे, त्यात कॉम्प्युटरचं पोट उघडं करून दाखवलंय आणि बाजूला दहा ओळी सूचना आहेत. त्या तक्त्याला छडी लावून मी असा काही रंगायचो की शेजारच्या शिवणक्लासातल्या बाया मशीन थांबवून दारात येऊन उभ्या राहायच्या. हातात एक चौकोनी खारं बिस्किट घ्यायचो. हा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू. याच्या पोटाखाली शेकडो बारीक पिना असतात, सोन्याचं पाणी दिलेल्या. याला दाबायचं नाही, नुसता अलगद सोडायचा. मग पिशवीतून घरची किसणी काढायचो. ही हीटसिंक. ही अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांची असते, मेंदूच्या डोक्यावर बसते आणि त्याचा ताप ओढून घेते. वर पंखा असतो, तो ताप बाहेर ढकलतो. दोघांच्या मधे पांढरी पेस्ट, मसुराच्या डाळीएवढी. ती नसली तर ताप वर चढत नाही, मेंदू तापतो आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. एवढं झालं की टाळ्या पडायच्या आणि मी प्रोसेसर खाऊन टाकायचो.

अशा माणसाला त्याच्या बायकोनं खराखुरा जाणकार समजावं, यात तिची काही चूक नाही.

बायकोचं माहेर बेळगावात, वडगावला. विणकरांचं घर. माझ्या सासऱ्यांना घरात आणि गल्लीत सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे चार यंत्रमाग, त्यातले दोन चालू होते, आणि चारही मागांना पोटात घेऊनच ते घर बांधलेलं आहे. पुढं मागाची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि वर माणसं झोपतात. माग चालू असताना त्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे खुणा करतात. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, बायकोनं आपल्या माहेरची माणसं मुकी आहेत हे लपवून ठेवलं.

मागाच्या खोलीच्या कोपऱ्यात, सुताच्या पोत्यांशेजारी, आप्पांचा कॉम्प्युटर होता. साडीचा काठ आप्पा आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं काढत, मग त्या कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरत. कॉम्प्युटर एका भोकं पाडणाऱ्या यंत्राला सांगे, ते यंत्र पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडी, आणि त्या पट्ट्या मागावर चढल्या की भोकांप्रमाणे धागे वरखाली होऊन काठात मोर नाहीतर वेल उमटे. म्हणजे नवा काठ हवा तर तो कॉम्प्युटर हवा, दुसरा कुठलाही चालायचा नाही. भोकांच्या यंत्राची वायर ज्या कार्डात जाते, ते कार्ड बसायला लागणारी लांब खाच नव्या कॉम्प्युटरांत येतच नाही. ज्यानं हा सगळा संच इचलकरंजीहून आणून बसवून दिला होता, तो कधीच धंदा गुंडाळून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, हा कॉम्प्युटर दहा मिनिटांत बंद पडायला लागला. एका काठाला आप्पांना दोन-तीन दिवस लागत. दहा मिनिटांत दोन फुलंही होत नव्हती. आणि त्याच वेळी शहापूरच्या व्यापाऱ्यानं सांगून ठेवलं होतं की जुने काठ आता खपत नाहीत, दिवाळीच्या आत नवा काठ दाखवा, नाहीतर पुढचं सूत देत नाही. सूत नाही म्हणजे माग नाही. माझा मेव्हणा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्याचं म्हणणं, माग भंगारात द्यावेत, खोली मोकळी करावी, आप्पांनी आता स्वस्थ बसावं. बापलेकांचं यावरून वर्षभर चाललं होतं, तेही मागाच्या आवाजात, खुणांनी. शेवटी तडजोड झाली ती अशी: दिवाळीपर्यंत नवा काठ निघाला तर माग राहतील, नाहीतर मेव्हणा म्हणेल तसं.

यावर बायको फोनवर बापाला म्हणाली की त्यात काय एवढं, हेच तर ते रोज शिकवतात. मी शेजारी चहा पीत होतो. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण मला त्या वेळी समोर भरलेली मागाची खोली दिसली, आणि मधोमध मी. टाळ्यांची सवय वाईट.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही वडगावला पोहोचलो. तो दिवस यंत्रं धुण्यापुसण्याचा आणि पूजेचा. माग बंद असल्यामुळं गल्लीभर विचित्र शांतता होती, आणि प्रत्येक दारात आडवा धागा नेणारे धोटे, पाने, कात्र्या, तेलाच्या झाऱ्या उन्हात मांडलेल्या. त्या घराचा नियम असा की दुपारी बाराच्या आत सगळं स्वच्छ होऊन पूजेला लागलं पाहिजे, आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या दुपारी नैवेद्य दाखवून पूजा उतरेपर्यंत यंत्राला बोट लावायचं नाही.

मला खुर्ची आली. त्या घरात खुर्ची एकच, ती जावयाची. सासूबाईंना मी मामी म्हणतो, त्यांनी चहा आणला, चिवडा आणला, परत चहा आणला. जावई माणसाचं एक सुख आहे, त्याला रागवायची मुभा त्या घरात कुणालाच नसते. मी एकदा आप्पांच्या तयार साडीवर चहा सांडला होता, तर मामींनी मलाच विचारलं की भाजलं तर नाही ना.

मी बाह्या दुमडल्या. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, आणि ती का उतरवायची हे सगळ्यांना सांगितलं. मग बाजूचा पत्रा सरकवला. आत कॉम्प्युटर नव्हताच. आत एक गादी होती. सोळा वर्षांची सुताची लव पंख्यानं आत ओढून हीटसिंकच्या पात्यांत अशी ठासली होती की वाऱ्याला जायला सुईएवढी वाट नव्हती. ब्रशनं मी ती काढायला लागलो, तर ती पापुद्र्यापापुद्र्यानं सुटायला लागली. वरचा थर पोपटी, त्याखाली राणी, मग हळदी.

आप्पा जवळ सरकले आणि एकेक थर बोटांत धरून बघायला लागले. हा पोपटी गेल्या साली चार महिने चालला होता. हा राणी रंग आमच्या लग्नाच्या सालातला, तेव्हा चारी माग दोन पाळ्यांत चालत. हा जांभळा चुकून आला होता, रंगारी बदलला होता म्हणून. तळाशी पांढरा निघाला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेतला. मग म्हणाले की ही सुरुवात. मी ते सगळे थर पुठ्ठ्यावर ओळीनं मांडून ठेवले. मला वाटलं, काय प्रवेश झाला हा.

आता मुख्य प्रवेश. पंख्याची छोटी वायर काढली, हीटसिंकची दोन्हीकडची पकड सोडवली, आणि दोन्ही हातांनी हीटसिंक धरून, सगळ्यांकडं बघत, वर ओढली. ती येईना. मी जोर लावला. खट् असा आवाज झाला आणि ती आली. तिच्या बुडाला चिकटून, कुलूप लावलेल्या सॉकेटमधून, म्हणजे आपल्या बैठकीतून उपटून, प्रोसेसरही आला.

तक्त्यावरची तिसरी ओळ अशी आहे: जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी घट्ट होते, म्हणून काढण्यापूर्वी कॉम्प्युटर पाच मिनिटं चालवून ती कोमट होऊ द्यावी, आणि हीटसिंक सरळ न ओढता हलकेच डावीउजवीकडं फिरवून सोडवावी. ही ओळ मी सोळा वर्षं गाळत आलो होतो. बिस्किटाला पेस्ट नसते.

पिना वाकल्या होत्या. एका कोपऱ्यातल्या दोन ओळी अशा आडव्या झाल्या होत्या, जणू तिथं कुणीतरी बसून उठलंय. मी प्रोसेसर तळहातात झाकून घेतला आणि सगळ्यांना हीटसिंकबद्दल सांगत राहिलो, पण आप्पांच्या डोळ्यांपासून काही झाकून ठेवणं कठीण. साडीत एक धागा चुकला तर ते खोलीच्या त्या टोकाहून ओळखतात.

त्यांनी हात पुढं केला. मी प्रोसेसर दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पावनं, ही तर फणी हाय की."

फणी म्हणजे मागातली पोलादी काड्यांची लांब कंगवी. तिच्या दोन-दोन काड्यांमधून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जातात. काडी वाकली की कापडात रेघ पडते, म्हणून विणकर ती एका चपट्या आकड्यानं सरळ करतो. आप्पांनी हे काम पन्नास वर्षं केलं होतं. ते उठले, धुऊन पूजेला मांडलेल्या हत्यारांतून आपला आकडा उचलून आले आणि खिडकीखाली मांडी घालून बसले. मामींनी पूजेचं हत्यार उचललं म्हणून नाराजीनं बघितलं, तर ते म्हणाले की अजून हळद लागलेली न्हाई, चालतंय.

तो तास मी विसरणार नाही. मी जन्मभर तोंडानं कामं केली, हातानं काम कसं करतात ते त्या दिवशी पाहिलं. आप्पा एकेक पिन आकड्यावर घेत, श्वास रोखत, उभी करत आणि पुढच्या पिनेवर जात. मोजत होते कन्नडमधून, ओंदू, एरडू, मूरू, कारण त्यांना माग शिकवणारे उस्ताद कन्नड होते आणि धागे मोजायचे ते त्याच भाषेत. सगळं घर भोवती जमलं. मी लगेच आवाज लावून सांगायला लागलो की बघा, दुकानात याला भिंग लागतं, चिमटा लागतो. माझ्या चुकीचा खेळ झाला होता आणि मी त्याचा सूत्रधार. मेव्हणा दाराशी टेकून उभा होता. तो म्हणाला, "दाजी, निपाणीच्या क्लासात आप्पास्नी नोकरीला ठेवा. तुमी फळा पुसा."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

मग स्वयंपाकघरातून हाक आली, मंडळी उठून आत गेली, आणि खिडकीखाली आम्ही दोघंच उरलो. शेवटची एक पिन राहिली होती, सगळ्यात जास्त वाकलेली. फणीची काडी पोलादाची असते, ती सरळ करायची तर आधी दुसऱ्या बाजूला थोडी जास्त वाकवावी लागते, मग ती उसळी मारून मधोमध येते. पन्नास वर्षांची ती सवय. आधीच्या पिना थोड्याच वाकलेल्या होत्या म्हणून निभावल्या. ही त्यांनी फणीच्या काडीसारखी पलीकडं नेली. पण प्रोसेसरची पिन मऊ असते, उसळी मारत नाही. ती बुडातून सुटली आणि खाली कुठंतरी सुताच्या लवेत पडली.

आप्पांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग ते हळूच म्हणाले, "एक गेली, पावनं."

मी खाली वाकून पिन शोधायला लागलो.

"एकानं काय हुतंय? फणीची एक काडी गेली तर साडी काय थांबती व्हय? जरा रेघ दिसती."

इथं मी खरं बोलायला हवं होतं. बाकी सगळ्या पिना जागेवर असून भागत नाही, एक नसली तरी अख्खं गाडं अडू शकतं, आता हा प्रोसेसर परत बसवायचा नाही, आधी दुसरा मिळतो का बघायचं, एवढं मला नक्की कळत होतं. पण ते माझ्याकडं असे बघत होते, जणू म्हणत होते की मोडलं ते माझ्या हातून मोडलं आणि आता काय ते तुमच्या तोंडात आहे. मी म्हणालो, "त्यात काही पिना जादाच्याच असतात, आप्पा. चालेल."

काही पिना जादाच्या असतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं, ते खोटं नाही. तुटलेली पिन त्यांतली होती की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळं मी तक्त्याप्रमाणे केलं, एकही ओळ न गाळता. मऊ फडक्यावर स्पिरिट घेऊन जुनी पेस्ट पुसली, प्रोसेसरची पाठ आरशासारखी केली. सॉकेटची छोटी दांडी उचलली, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला, न दाबता सोडला, दांडी खाली केली. मसुराएवढी पेस्ट मधोमध. हीटसिंक सरळ वरून, पकड दोन्हीकडून, पंख्याची वायर जागेवर. इतकं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही. मेव्हणा म्हणाला की एकदा लावून बघूया का. तेवढ्यात मामी आरतीचं ताट घेऊन आल्या. बारा वाजत आले होते. आप्पा म्हणाले की आता पूजेआधी न्हाई, उद्याच. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

चार माग, दोन बॉबिनची यंत्रं, भोकं पाडायचं यंत्र आणि कॉम्प्युटर अशी पूजा झाली. कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं उठली, पडद्याच्या डोक्यावर झेंडूची माळ आली. मेव्हण्यानं विचारलं की दाजी, नारळ ह्याच्या डोक्यावर फोडायचा का पायावर. मामींनी त्याला दटावलं. आप्पा डोळे मिटून एरवीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभे होते. मीही होतो. त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं की आपण कशासमोर उभे आहोत.

जेवल्यावर आप्पा चौकटीचा कागद घेऊन बसले. कागद यंत्रात मोडत नाही, म्हणून कागदाला मनाई नव्हती. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं की तंबाखूच्या फुलाला पाकळ्या किती. आमच्या निपाणीकडं रानंच्या रानं त्या फुलांची, फिकट गुलाबी, तुतारीसारखी. मी सांगितलं, पाच. ते म्हणाले, तुमच्या गावाकडचं फूल काठात घालायचं मनात हाय, अजून कुणी घातलेलं न्हाई. संध्याकाळपर्यंत त्यांनी काठ पुरा केला. फुलं एकाआड एक वरखाली, मधून पानाची शीर. व्यापाऱ्यानं बघताक्षणी उचलला असता असा काठ होता. मी कागद हातात धरून बसलो होतो आणि आप्पा सांगत होते की साडीची जमीन, म्हणजे काठांमधलं अंग, कुठल्या रंगाची घ्यायची.

त्या अख्ख्या संध्याकाळी मला सांगायला वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही होता. मी नुसतं म्हणायचं होतं की बटण दाबायचं नाही. म्हणालो नाही.

दसऱ्याच्या दुपारी नैवेद्य झाला, पूजा उतरली. बटण दाबायचा मान अर्थात जावयाचा. मामींनी मला कुंकू लावलं. मी बटण दाबलं.

पंखा फिरला. इतका गुळगुळीत, इतका मुका फिरला की सगळ्यांनी आनंदानं एकमेकांकडं बघितलं. गेली कित्येक वर्षं त्या पंख्याची घरघर मागाच्या आवाजातही ऐकू यायची, ती गेली होती. मामी म्हणाल्या, पावन्यांच्या हाताला गुण हाय. पडदा काळा होता. कुणी त्याकडं बघत नव्हतं, सगळे पंख्याकडं बघत होते.

एक मिनिट गेलं. आप्पा म्हणाले की जुनं हाय, वेळ लागतोय. पाच मिनिटं गेली. मी वायरी हलवून बघितल्या, बंद करून परत चालू केलं, ते तीनदा केलं, प्रत्येक वेळी तोंडानं काहीतरी सांगत. चौथ्यांदा बारीक जळका वास आला. मेव्हण्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं.

 त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की न रागावणं ही काय चीज असते. मामींनी विचारलं की जेवायला वाढू का. पानात पुरणपोळी आली, मी अर्धी खाल्ली तोवर दुसरी आली, तिच्यावर तूप आलं. बायको समोर बसली होती, ती माझ्याकडं बघत नव्हती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचा काय दोष न्हाई. जुनं हुतं, कवातरी जायाचंच हुतं." तो मनापासून म्हणाला. मी तोंडात घास ठेवून मान हलवली.

दसऱ्यानंतर मी कॉम्प्युटर घेऊन बेळगावात आणि मग इचलकरंजीत फिरलो. इचलकरंजीच्या एका जुन्या दुकानदाराकडं त्याच जातीचा वापरलेला प्रोसेसर निघाला. त्यानं तो बसवून बघितला. पंखा फिरला, पडदा काळाच. त्यानं बोर्ड काढून उजेडात धरला आणि एका जागी बोट ठेवलं. बोर्ड गेला होता, आणि तसा बोर्ड आता कुठं मिळत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, पिनेसकट. त्याला सांगणं सोपं होतं, तो सासरच्यांपैकी नव्हता. तो म्हणाला की पिन तुटलेली असताना वीज दिली नसती तर बोर्ड कदाचित वाचला असता. नक्की सांगता येत नाही, पण कदाचित. आप्पांनी जन्मभर काढलेले काठ डिस्कवर होते, ते त्यानं मला दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून दाखवले. नुसती नावं दिसत होती. उघडत एकही नव्हता, कारण उघडणारा प्रोग्रॅम त्या बोर्डातल्या कार्डाशिवाय चालत नव्हता. मोर, कोयरी, रुईफूल, मोर दोन, मोर तीन. मी ती यादी कागदावर उतरवून आणली. का आणली ते सांगता येणार नाही.

वडगावला आलो तेव्हा आप्पा मागावर होते. मी खूण केली, त्यांनी माग थांबवला. मी म्हणालो, "आप्पा, मी ते बटण दाबायला नको होतं. मला ठाऊक होतं."

त्यांनी धोट्यातली सुताची कांडी बदलली. मग म्हणाले, "मला बी ठावं हुतं की. मी तरी कुठं नको म्हटलं?"

"मग का नाही म्हटलं?"

"तुमी का न्हाई म्हटलं?" ते म्हणाले आणि माग परत सुरू केला. त्यानंतर बोलायची सोय उरली नाही.

दिवाळी आली. तंबाखूच्या फुलांचा काठ कागदावरच राहिला. व्यापारी घरी येऊन तो कागद बघून गेला, चांगला आहे म्हणाला, आणि सूत दिलं नाही. कागदाची साडी होत नाही, हे तोही जाणून होता आणि आप्पाही. नवा संच घ्यायचा विषय मी एकदा काढला, तर मेव्हण्यानं नुसतं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले की ठरलंय ते ठरलंय, फक्त मागावर बीम चढलेलं हाय तेवढं विणून घेतो. बीम म्हणजे ताण्याचं मोठं रीळ. एका मागाचं लवकर संपलं, दुसऱ्याचं दोन महिने पुरलं. जुन्याच काठाच्या साड्या, कुणी न मागितलेल्या. मी दर रविवारी जायला लागलो. जाऊन काहीच करायचो नाही, खुर्चीवर बसायचो, चहा प्यायचो.

एका रविवारी ते बीम संपलं. एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. बीम संपत आलं की जुना ताणा मागातून काढत नाहीत. त्याची टोकं तशीच ठेवून नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठीनं जोडतात, आणि नवा ताणा जुन्याच्या मागोमाग फणीतून पुढं येतो. याला सांधणी म्हणतात. म्हणजे तो माग ज्या दिवशी बसवला त्या दिवसापासून कधी रिकामा झालाच नव्हता. पहिल्या साडीच्या धाग्याला जोडून आजचा धागा होता, मधे एकदाही खंड नाही.

शेवटची साडी उतरवल्यावर आप्पांनी उरलेल्या हातभर धाग्यांकडं थोडा वेळ बघितलं. मेव्हणा कात्री घेऊन पुढं झाला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं. मग त्यांनी मूठमूठ धागे धरून फणीतून मागं ओढायला सुरुवात केली. कापले नाहीत, ओढून काढले. मला खूण केली, मी दुसऱ्या बाजूनं धागे धरले. बराच वेळ लागला. शेवटी फणीतून पलीकडची भिंत दिसायला लागली.

मेव्हणा दारात उभा राहून भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो म्हणाला की उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणतोय.

आप्पांच्या हातात धाग्यांचा पुंजका होता. ते म्हणाले, "उद्या नगं. आत्ताच ये म्हण त्याला. न्हाईतर मी परत सांधत बसीन."

मेव्हण्यानं पुन्हा फोन लावला.